डोमाचं तळं आणि साहेबांची तहान

तळ्याकाठच्या एका गावात डोमा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे सांगितलेलं करणारा. गावात असा तो एकटाच. लोकांच्या धानावर तो कीटकनाशक फवारायचा. बायको सुकवंता तळ्यातले मासे धरून विकायची. घर चालायचं ते मासळीवर.

एकदा फवारणी आटोपून डोमानं पंप तळ्यात खळखळून धुतला. सकाळी काठाचे मासे पोट वर करून तरंगत होते.

"काय जी हे!" सुकवंता ओरडली. "बाहेरून आणलेलं तळ्यात ओततात का? दूर बांधावर खड्डा करा, त्यात ओता."

"बरं," डोमा म्हणाला.

मेलेल्यांच्या जागी सोडायला तिनं त्याला माशांची पिल्लं आणायला धाडलं. त्यानं डबाभर आणली. दूर बांधावर खड्डा केला, त्यात ओतली. बगळे जेवून गेले.

सुकवंतानं कपाळ बडवलं. "अहो, डबा तळ्यावर न्यायचा! काठाशी बसून हळूहळू सोडायचं. मायेनं!"

"बरं."

पुढे गुणाजी पाटलानं त्याला मुदत संपलेल्या कीटकनाशकाचा डबा दिला. "फेक कुठंही. काही होत नाही."

डोमा तळ्याकाठी बसला. हळूहळू सोडलं. मायेनं.

तळं माशांच्या पोटांनी पांढरं झालं. या वेळी बगळे जेवले, पण गेले नाहीत. तिथंच पडले.

"काही होत नाही म्हणणाऱ्याला आधी पेलाभर पाजायचं होतं!" सुकवंता रडत म्हणाली.

"बरं."

तिनं तालुक्याच्या कचेरीत तक्रार केली. यथावकाश, म्हणजे वास ओसरल्यावर, जीपमधून साहेब आले. पाटलाकडे जेवले. मग तळ्याच्या पाळीवर, उंच काठावर उभं राहून म्हणाले, "मासे उन्हानं मेले. या पाण्यानं काही होत नाही."

डोमानं तळ्यातून पेला भरला. "घ्या जी."

"मला तहान नाही."

"आधी तुम्ही. बायकोनं सांगितलंय."

साहेब मागे सरले. डोमा पुढे. साहेब आणखी मागे. तिथं पाळ संपली. साहेब आ वासून तळ्यात पडले.

"दवाखाना! विष गेलं पोटात, विष!"

साऱ्या गावानं ऐकलं. सुकवंतानं पदर खोचला. "साहेब, आत्ता बोललात तेच लिहून द्या. मग दवाखाना."

साहेबांनी ओल्या खिशातून पेन काढलं. डोमानं तिला अडवलं.

"काहीतरीच काय तुझं! विष कुठलं? या पाण्यानं काही होत नाही, साहेबच म्हणाले. त्यांना ऊन लागलंय."

साहेबांनी ओकता ओकता मान हलवली आणि 'ऊन लागलं' असंच लिहिलं.