जायूचं बोलणं

फार वर्षं झाली या गोष्टीला. उंडवेळ गावाला तेव्हा होड्यांचा धक्का नव्हता, रस्ता नव्हता. पुढ्यात दर्या, मग लांबच लांब पुळण, आणि त्या वाळूच्या पार टोकाला, जिथे गावाचा आवाज पोचत नाही, तिथे माडाच्या झापांची एक खोपी. तीत जायू खारवीण राहायची. एकटीच राहायची.

ती पहिल्यापासून तिथली नव्हे. गावात तिचं घर होतं, लखमा नावाचा हसरा नवरा होता. एका सकाळी लखमा होडी लोटायला निघाला, तेव्हा दर्या तेलासारखा शांत होता. पण कुरव पक्षी पाण्यावर न जाता वाळूत पोटं टेकून बसले होते. ते पाहून जायू बोलून गेली, "आज नका जाऊ. आज गेलेलं परत यायचं नाही." लखमा हसला आणि गेला. दुपारी वारं फिरलं. होडीची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

लोक आधी तिच्याबरोबर रडले. मग कोणाला तरी तिचे शब्द आठवले. जायूचं बोलणं लागतं, अशी कुजबुज घरोघर फिरली. तिने गाय चांगली म्हटली तर गाय आटेल, मूल गोंडस म्हटलं तर मूल तापेल. ती विहिरीवर आली की बायका कान झाकून चालू पडत. कोणी तिला मारलं नाही की हाकललं नाही, नुसतं बोलणं टाकलं. माणूस भिंतींशी किती दिवस बोलणार? एक दिवस तिने चार भांडी पाटीत भरली आणि पुळणीच्या टोकाला जाऊन राहिली.

तिथे तिला दर्याने सांभाळलं, असं म्हणतात. ओहोटीला ती ओल्या वाळूतून मुळे काढायची आणि त्या शिंपल्यांचं कालवण पेजेबरोबर खायची. कोवळं ऊन पडलं की बारीक खेकडे बिळांतून बाहेर येऊन वाळूच्या गोळ्या वळायचे. ते बघताना ती हातातलं काम विसरायची. इवले तुतवार पक्षी ओसरत्या लाटेच्या मागे धावायचे, लाट फिरली की तुरुतुरु पळ काढायचे, आणि जायू एकटीच हसायची. उंडीच्या झाडावर काकणाचं, म्हणजे समुद्री गरुडाचं, घरटं होतं. तो मासा धरून आणायचा आणि त्यातला अर्धा तिच्या दारात टाकायचा, असं म्हणतात. थंडीत कासविणी अंडी घालून जात. कोल्ह्यांनी ती उकरू नयेत म्हणून जायू त्या जागी काटेरी फांद्या रचायची.

या सगळ्यांशी ती बोलायची. कोणी कान झाकत नसे, पण उत्तरही देत नसे. संध्याकाळी गावातल्या चुलींचा धूर लांबून दिसायला लागला की जायू मोठ्याने विचारायची, "जेवलीस का गो, जायू?" मग स्वतःच सांगायची, "जेवले."

एका वर्षी मोठं उधाण आलं. सकाळी ती दाराबाहेर आली तर वाळूवर डोंगर पडलेला. देवमासा होता तो. पाणी ओसरलं आणि तो मागे राहिला होता. त्याचा डोळा उघडा होता, आणि तो डोळा तिच्याकडे बघत होता.

बातमी लागली तसा सगळा गाव पुळणीवर आला, पण लांबच उभा राहिला. धर्मा तांडेल तेवढा पुढे झाला. हा लखमाचा चुलतभाऊ, गावच्या होड्यांचा म्होरक्या. कित्येक वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"मागे हो, जायू. तो मरायलाच आलाय. मरणाऱ्याला मरू दे."

"मरेल तर मरेल, भावोजी," जायू म्हणाली. "पण एकटा नाही मरायचा."

तिने लुगडं खोचलं. घागरीने पाणी आणून त्याच्या पाठीवर ओतलं, जुनी धडुती भिजवून अंगावर टाकली. मग गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसायला लागली, दर्यापर्यंत चर खणायला. आणि हे करताना ती त्याच्याशी बोलत होती, इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं. लखमा कसा हसायचा ते. रात्री कूस बदलली की झापं कशी वाजतात ते. गाव ऐकत राहिला. कान झाकायचं कोणाला सुचलं नाही.

दुपार कलली, भरतीचं पाणी चरातून आत शिरलं. जायूने देवमाशाच्या कपाळाला हात लावला. "जा आता," ती म्हणाली. "तुझी वाट बघत असतील."

असं म्हणतात, त्या शब्दासरशी माडाएवढी लाट उठली, आणि तिच्यात उभ्या असलेल्या जायूचा पदरसुद्धा भिजला नाही. लाट ओसरली तेव्हा वाळू मोकळी होती. दूर पाण्यावर एक फवारा उडाला.

त्या दिवसापासून गाव बदलला. जायूचं बोलणं लागतं, हेच लोक आता हात जोडून सांगू लागले. होडी नवी आहे, चांगलं बोल. सून अवघडलीय, सुखरूप सुटेल म्हण. ती म्हणायची, आणि तसंच घडायचं. मग ती म्हणायची, "बस गो जरा. तुतवार बघ कसे पळतात." पण आलेल्याला घाई असे. शब्द पदरात पडला की पावलं गावाकडे वळत. गाव शब्द मागायला यायचा, बोलायला कोणी येत नसे. आधी निदान ती कोणाची वाट बघत नव्हती.

अशी ती म्हातारी झाली. एका नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी, होड्या लोटण्याआधी, धर्मा तांडेल तिचा शब्द घ्यायला आला. खोपी झाडलेली होती, चूल सारवलेली, मडकं पालथं. वाळूत पावलं दर्याकडे गेलेली दिसत होती, परतलेली नव्हती. कोणी म्हणतं, देवमासा तिला न्यायला आला. कोणी म्हणतं, ती लखमाला शोधायला गेली.

धर्मा हाका मारून दमला आणि तिच्या दारात बसला. तिथे तो पहिल्यांदाच बसला होता. समोर खेकडे गोळ्या वळत होते. मग त्याच्या तोंडून शब्द फुटला.

"घरी बरं आहे, जायू. धाकटीला मुलगी झाली. माझे गुडघे दुखतात." त्याने खेकड्यांकडे पाहिलं. "तू दिवसभर इथं काय करायचीस गो? मी कधी विचारलंच नाही."

उंडवेळमध्ये आजही दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी प्रत्येक घरचं एक माणूस पुळणीच्या टोकाला जातं. तिथे नारळ फोडत नाहीत, नवस बोलत नाहीत. जायूकडे काही मागायचं नाही, हा गावाचा नियम आहे. वाळूत बसायचं आणि तिला घरची हकिकत सांगायची: कोंबडी खुडूक बसलीय, पोर बोलायला लागलंय, आजी गेली. सांगून झालं की लगेच उठायचं नाही. तिलाही काही बोलायचं असेल. म्हणून सगळे गप्प बसून राहतात, भरतीचं पाणी पायांना लागेपर्यंत.