उजव्या टोकाचा माणूस

“एवढंच सांगा, उस्ताद... व्हावं, का न व्हावं?”

उस्तादांनी मान वर केली नाही. ते बाज विणत होते.

“काय?”

“संचलन.”

“कुणाचं?”

आता हे मुद्दाम. दोन महिने साऱ्या देशात दुसरा विषय नव्हता. फौज तोफांसकट राजधानीतून मिरवावी का मिरवू नये, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते. पांडबा न्हावी सांगत होता, गिऱ्हाईक गालाला साबण लागेपर्यंतसुद्धा दम धरत नाही. भांडताना मान हलवतात. मग वस्तरा चालवायचा कसा?

तकिया म्हणजे डोंगराच्या पायथ्याची फकिराची जागा. दोन खोल्या, एक चिंच, पुढं अंगण. पूर्वी फौजेत कवायत शिकवणारे दस्तगीर उस्ताद इथं राहतात आणि मी त्यांच्या भाकरी थापते. मला गोदाक्का म्हणतात. लोक इथं काय काय विचारायला येतात. बहुतेकांना उत्तर ठाऊक असतं, नुसती चालत यायची हौस असते, असं माझं मत. उस्ताद म्हणतात, माझं मत मला कुणी विचारलेलं नाही.

त्या सकाळी आलेले सुभानराव म्हणजे मोठं माणूस. इस्त्रीचा अंगरखा, काखेत कागदांचं बाड. राजेसाहेबांच्या सभेत एक्केचाळीस जण. वीस म्हणत होते, संचलन व्हावं. वीस म्हणत होते, नको. सुभानराव एकटे उरले होते आणि दुसऱ्या दिवशी हात वर करायचे होते. एरवी गटाराच्या झाकणावर तासभर बोलणारा हा गृहस्थ, पण या विषयावर दोन महिन्यांत त्यानं चकार शब्द काढलेला नव्हता. त्याचं सगळ्यांना नवल वाटत होतं.

“उंबऱ्यातनं डावा पाय आधी टाकलास,” उस्ताद म्हणाले. “अजून सवय आहे.”

“तुम्हीच लावलेली, उस्ताद. तिसरी तुकडी.”

“ठाऊक आहे. बस. काखेत काय आहे?”

“दोन्ही बाजूंची कारणं. लिहून काढलीत.”

“वाच. आणि हे धर.”

उस्तादांनी सुंभाचं टोक त्याच्या हातात दिलं. एवढा मोठा माणूस, एका हातात दोर, एका हातात कागद. मला हसू आलं. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

सुभानराव वाचू लागले. सभेत वाचतात तसं, ठणठणीत. शेजारच्या देशाला जरब बसते. पोरांची छाती फुगते. जवानासाठी वर्षातनं एकदा तरी लोक टाळ्या वाजवतात. मग दुसरी बाजू. तोफांची चाकं नवे रस्ते उखडतात. जखमी जवानांचा दवाखाना अजून गळतोय. ज्या घरातलं माणूस लढाईत गेलं, त्या घरापुढून बँड वाजवत जायचं, हे बरं दिसत नाही.

“दोन्ही पटतंय,” उस्ताद म्हणाले. “ताण जरा. दोर ढिला सोडलास.”

“मग...”

“मधलं पान गाळलंस तू.”

सुभानरावांनी कागद छातीशी धरले.

“दोन पानं एकदम उलटलीस. वाच की तेही.”

“ते... विशेष काही नाही त्यात.”

“मी सांगतो!” पांडबा म्हणाला. तो उस्तादांची दाढी कोरायला आला होता आणि बाज संपायची वाट बघत उकिडवा बसला होता. “व्हावं म्हणणारे म्हणतात, मागच्या खेपेला उस्ताद नालायक होता म्हणून नाचक्की झाली, आता चांगला उस्ताद आणू. आणि नको म्हणणारे म्हणतात, असले उस्ताद ज्या फौजेत, तिचं काय डोंबल दाखवायचं!”

मी त्याला उलथनं दाखवलं. या माणसाच्या जिभेला हाड नाही.

उस्ताद मात्र हसले. “म्हणजे भांडण कुठल्याही बाजूनं करा, मी लागतोच.”

ती गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. लढाई संपली त्या सालचं संचलन. राजेसाहेब मांडवात, शेजारी परदेशचे पाहुणे. तिसरी तुकडी मांडवापुढं आली आणि पहिली ओळ एकाएकी वाकडी झाली. मागची ओळ तिच्यावर आदळली, निशाणवाला गुडघ्यावर आला, निशाण मातीत. पाहुणे हसले. राजेसाहेब उठून गेले. चौकशीत उस्ताद एवढंच म्हणाले, “माझं शिकवणं कमी पडलं.” कवायतीची काठी टेबलावर ठेवली आणि छावणीच्या फाटकाबाहेर पडले. तेव्हापासून देशात संचलन नाही. हे मला बाजारात कळलं, उस्तादांच्या तोंडून कधीच नाही.

सुभानरावांनी कागद खाली ठेवले.

“म्हणूनच आलो,” ते म्हणाले. आवाज आता सभेतला नव्हता. “ज्या बाजूला जाऊन उभा राहीन, तिथं तुमच्या नावानं शिमगा चाललाय. दोन महिने गप्प बसलो. उद्या गप्प बसता येणार नाही.”

“मग बोल.”

“काय बोलू?”

“ते मी कसं सांगू? माझं तोंड आहे का ते?”

“उस्ताद, तुम्ही सांगाल तसा हात वर करतो. तुम्ही म्हणाल ते.”

उस्तादांनी सुंभाची गाठ मारली. मग बाज बाजूला सारून उभे राहिले.

“सुभान, त्या कट्ट्यावर जाऊन बस.”

“कशाला?”

“तू राजेसाहेब. आम्ही फौज. गोदाक्का, इकडं ये. पांडबा, तूही ये.”

“अगंबाई!” मी म्हणाले. “तव्यावर भाकरी आहे.”

“ती काही पळून जात नाही.”

साठीची बाई मी, आणि मला त्यांनी ओळीत उभं केलं! डाव्या टोकाला मी, हातात उलथनं. मधे पांडबा, त्याच्या हातात पाण्याची वाटी. उजव्या टोकाला उस्ताद स्वतः. त्यांची पाठ एवढी ताठ झालेली मी कधी पाहिली नव्हती.

“चालत कट्ट्यापाशी आलो की मी म्हणेन, दहिने देख. तुम्ही दोघांनी मान उजवीकडं करायची, राजेसाहेबांकडं बघायचं. पाय थांबवायचे नाहीत.”

“आणि तुम्ही?” पांडबानं विचारलं.

“मी समोर बघणार. उजव्या टोकाच्यानं मान वळवायची नसते. सगळेच राजेसाहेबांकडं बघायला लागले तर रस्ता कोण बघणार? त्याच्या पायावर ओळ चालते.”

कट्ट्यावर सुभानरावांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, ऊन लागलं.

“उस्ताद, राहू द्या,” ते म्हणाले.

“राजेसाहेब मधे बोलत नाहीत. तेज... चल!”

निघालो. डावा, उजवा, डावा, उजवा. खरं सांगते, चार पावलांत मला ते आवडायला लागलं. पाठ आपोआप ताठ झाली. पांडबाचं पाणी डुचमळत होतं, तरी तोही काय रुबाबात चालला होता.

“दहिने... देख!”

आम्ही मान वळवली. सुभानराव कट्ट्याची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं, पांडबाकडं नव्हतं. ते उस्तादांच्या मानेकडं बघत होते.

आणि उस्तादांनी मान वळवली.

सावकाश, पुरती वळवली. सुभानरावांच्या डोळ्यांत बघितलं.

मग काय व्हायचं? उस्तादांचा पाय तिरका पडला. पांडबा त्यांच्यावर गेला, मी पांडबावर. वाटी ठण्णकन दगडावर. पांडबा बसला तो थेट नव्या बाजेवर, आणि अर्धवट विणलेल्या बाजेतनं आरपार खाली. पाय वर, डोकं वर, मधला पांडबा जमिनीवर.

“बघितलंस?” उस्ताद धापा टाकत म्हणाले. “सत्तावीस वर्षं शिकवलं मी हे. आणि मान वळली की माझाही पाय चुकतो.”

सुभानराव उठले. दोन पावलं चालले आणि अंगणातच मटकन खाली बसले.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

“तेव्हापासून?”

“काठी घेऊन बाजूनं कोण चालत होतं? मी चालत होतो. माझं काम काय होतं? माना बघायचं.”

बावीस वर्षं ज्या माणसाला लोक नालायक म्हणत आले, तो इथं बसून लोकांच्या बाजा विणत होता, आणि खरा चुकलेला माणूस सभेत बसून गटारांवर बोलत होता. सुभानरावांना चार शब्द ऐकवावेत असं फार वाटलं. पण ते रडत होते. इस्त्रीच्या अंगरख्याच्या बाहीनं नाक पुसत होते, मग काय बोलणार.

“टोकाची जागा माझी नव्हती,” ते म्हणाले. “दादाची होती. दादा लढाईत गेला. मग तुम्ही मला उभं केलंत.”

“तुझी चाल त्याच्यासारखी होती.”

“वहिनी येणार नाही म्हणाली होती. सकाळी चुलीपुढनं उठलीच नाही. म्हणाली, मला ते बघवायचं नाही. ज्यांचे नवरे गेले त्या बायकांना मांडवात मागं बसवलं होतं, अगदी मागं, मांडव जिथं संपतो तिथं उन्हात. मला एवढंच बघायचं होतं, आली का...”

“मग? आली होती?”

“आली होती.” सुभानरावांनी मान हलवली. “सगळ्यांत मागं. माझ्याकडंच बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मला पुढचं काही दिसलं नाही.”

“आली होती ना?”

“हो.”

“मग झालं तर.”

एवढंच म्हणाले. मग झालं तर! मी उस्तादांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यात राग शोधत होते मी. तो नव्हता.

“तेव्हाच बोलायला हवं होतं मी,” सुभानराव म्हणाले. “चौकशीत. तुम्ही काठी ठेवलीत तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. एक शब्द फुटला नाही. एकोणीस वर्षांचा होतो, हे काही कारण नाही. पुढं तिशीचा झालो, चाळिशीचा झालो...”

“कवायत मोडली तर उस्ताद जबाबदार. नियमच आहे तो.”

“पण तुम्ही का सांगितलं नाहीत?”

उस्तादांनी दाढी खाजवली.

“माझा घसा बसला होता. सत्तावीस वर्षं रोज पहाटे ओरडायचं म्हणजे काय चेष्टा आहे? घरी जायला निमित्तच बघत होतो मी. तू दिलंस. तुझे उपकार झाले.”

खोटं! साफ खोटं! घसा कसला बसतोय यांचा? कालच शेजारच्या बकऱ्या कोथिंबिरीत शिरल्या तर असे ओरडले की खालच्या वस्तीतली माणसं धावत आली. मी हे बोलणार होते. पण सुभानरावांनी वर बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मी गप्प बसले. आधी त्यांचा विश्वास बसला नाही. मग बसला. मग बहुधा परत बसला नाही, पण तोवर त्यांना हसू फुटलं होतं. रडता रडताच हसू लागले.

“उपकार?”

“मग काय तर!”

“अहो, मला कुणी बाहेर काढता का?” बाजेतनं पांडबा ओरडला.

आम्ही तिघांनी मिळून त्याला ओढून काढलं. सुंभ पुरता सुटला होता, चार दिवसांचं काम मातीत. उस्तादांनी नुसतं “हं” केलं. तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती, ती मी गाईला टाकली आणि नव्या थापल्या. सुभानराव चुलीपुढं मांडी घालून बसले. तीन भाकरी खाल्ल्या त्यांनी, वर ताक मागून घेतलं. आल्यापासून त्यांचे खांदे कानापर्यंत चढलेले होते. ते आता कुठं खाली आले. बघून मलाच हायसं वाटलं.

जेवण झाल्यावर ते हात पुसत म्हणाले, “उद्या सभेत सांगितलं तर माझी खुर्ची जाईल.”

“जाईल,” उस्ताद म्हणाले.

“लोक तोंडावर थुंकतील.”

“थोडे थुंकतील. पांडबा दाढी करत जाईल तुझी. काय रे?”

“करीन की,” पांडबा कंबर चोळत म्हणाला. “पण मान हलवायची नाही.”

सुभानराव परत हसले. कागदांचं बाड उचललं, चाळलं, आणि चुलीपाशी माझ्या जळणावर ठेवून दिलं. मी विचारलंसुद्धा, हे लागणार नाहीत का? नाही म्हणाले. उस्तादांच्या पायाला हात लावायला वाकले, तर उस्तादांनी पाय मागं घेतले आणि त्यांचा खांदा धरून त्यांना उभं केलं.

फाटकापर्यंत आम्ही सगळेच गेलो. आता त्या माणसाला घरी जायची घाई दिसत होती. वहिनीला आधी सांगायचं, म्हणाले, मग सभेला. दहा पावलं गेले असतील नसतील, तोच थबकले आणि मागं वळले.

“उस्ताद! हात वर करायचा का नाही, ते राहूनच गेलं की!”

उस्तादांनी फाटक ओढून घेतलं.

“आधी तोंड उघड. हाताचं मग बघू.”