दादासाहेब पुस्तकं तपासतात

बोरखेडीच्या शाळेचे अध्यक्ष दादासाहेब खर्चे यांना पुस्तक चांगलं की वाईट, हे नुसत्या वासावरून कळायचं. उघडून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्याच नाकाच्या जोरावर त्यांनी ठरवलं, की शाळेच्या कपाटातली गोष्टींची पुस्तकं मुलांना बिघडवतात. एका गोष्टीत म्हणे राजा मूर्ख होता, आणि दुसरीत मुलगी बापाला उलट प्रश्न विचारत होती. हेही त्यांना त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं.

पालकसभा भरली. सगळी पुस्तकं रद्दीत जाणार असं जाहीर करून दादासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "लिहून घ्या, माझ्या हातून एकही पुस्तक वाचणार नाही."

कपाट सांभाळणाऱ्या बोंडेबाई शांतपणे म्हणाल्या, "दादासाहेब, त्याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती."

आधी मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, मग अख्खी सभा हसली. दादासाहेबांना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. लागला तेव्हा ते लालबुंद झाले. "मला वाचता येत नाही म्हणता? एकेक पुस्तक स्वतः वाचीन, मगच रद्दीत घालीन."

"तसंच लिहून घेते," म्हणत बाईंनी त्यातलं सगळ्यात पातळ पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दादासाहेबांचं ते पुस्तक अजून चालूच आहे. बाकीची सगळी वाचली, आणि मुलांनी ती वाचलीसुद्धा.