गोजराक्काच्या जात्यावर बसलेला भोई

फार वर्षांपूर्वी आमच्या उंबरठाणात पूल नव्हता, गिरणी नव्हती आणि दवाखाना कुणी ऐकलाही नव्हता. नदी होती. नदीवर एक नाव होती. आणि गावात गोजरा होती.

गोजरा लोकांचं दळण दळून पोट भरायची. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. घरात एक जातं, एक चूल आणि मडक्यांची एक उतरंड. जातं एवढं जड की उचलायला दोन गडी लागत, आणि ती ते एका हातानं फिरवायची, असं म्हणतात. पहाटे तिचं जातं सुरू झालं की नदीपलीकडचे कोंबडे जागे व्हायचे, असंही म्हणतात. होत असतील.

तिची सासू हयात असतानाची गोष्ट. सासूचा खांदा धरला. हात अंगाला चिकटला तो चिकटलाच. वेणी घालता येईना, पाठ खाजवता येईना. शिव्या तेवढ्या देता येत होत्या. गोजरा दळायला बसली की सासू समोर बसून शिव्या द्यायची आणि सवयीनं हात जात्याच्या खुंट्यावर ठेवायची. ओढायची नाही, नुसता ठेवायची. ओढायची गोजरा. असा सगळा उन्हाळा गेला. मग एके दिवशी सासूनं त्याच हातानं गोजराच्या थोबाडीत मारली. गोजरा गाल चोळत हसली.

"आत्याबाई, हात सुटला की तुमचा!"

तेव्हापासून बायका दुखरे खांदे घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. बायकाच. पुरुष कधी आला नाही. पुरुषानं जात्यावर बसायचं नाही, अशी रीत होती, आणि रीतीपेक्षा खांदा मोठा, असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

आता दौलूची गोष्ट.

दौलू भोई आमचा नावाडी. नाव गावाची, पण ती चालवायचा मान त्याच्या घराण्याचा. आजा, बाप आणि मग तो. नदी फुगली की पायी ओलांडायचा उतार बंद होतो, आणि पलीकडे जायला दौलूचा लांब बांबू आणि दौलूचा उजवा हात, एवढंच उरतं. बांबू डोक्यावर उचलून तळात रोवायचा आणि अंगाच्या जोरानं नाव रेटायची. त्याच्या नावेत बसलेल्या बाईच्या घागरीतलं पाणी हिंदकळत नसे, असं म्हणतात.

एका थंडीत त्या दौलूचा खांदा धरला. आधी दुखला. मग दुखून दुखून अडकला. हात कमरेच्या वर जाईना. फेटा बांधता येईना. बायको हौसा बांधून द्यायची, तो एका कानावर कलायचा, आणि चावडीवरची माणसं विचारायची, "काय दौलू, आज फेटा कुणीकडं चाललाय?"

मग त्याच्या भाऊबंद भोयांनी एक चूक केली. अशी चूक भोईच करू शकतात. गाळात रुतलेली नाव दोर लावून ओढायची, हे त्यांचं ज्ञान. त्यांनी दौलूच्या मनगटाला दोर बांधला, दोर आंब्याच्या फांदीवरून घेतला आणि तिघांनी मिळून ओढला. दौलू ओरडला तो शिवेपर्यंत ऐकू गेला. तो अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा हात होता त्याहून खाली आला होता.

शिमगा झाला तसं पाटलांनी त्याला चावडीवर बोलावलं. पाटील वाईट माणूस नव्हता. गाव पोसायचं म्हणजे नदी ओलांडावी लागते, हे त्यांना कळत होतं.

"दौलू, आखाडात बेंदराला नाव पाण्यात पडती. त्या दिवशी तू ती पलीकडं नेऊन परत आणायची. जमलं तर मान तुझाच. न्हाई तर पलीकडचा राऊ भोई तयार हाय."

दौलू उठला. घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. हौसानं त्याच्यापुढे जोंधळ्याची पाटी आणून आदळली.

"उठा. गोजराक्काकडं चला."

"मी? जात्यावर?"

"मग काय नाव माझ्या हातात देताय?"

तो गेला. गोजरानं खांद्याला बोट लावलं नाही. नुसतं विचारलं, "दौलू, रुतलेली नाव तू आधी वढतोस का रं?"

"न्हाई. आधी डोलवतो. बुडाखालचा गाळ सुटला की मग वढतो."

"मग तुझ्या हातानं तुझं काय बिघडवलं हुतं? बस."

रिकामं जातं फिरवू नये म्हणून तिनं त्याच्याच जोंधळ्याचा घास घातला. त्याचा उजवा हात खुंट्यावर ठेवला, वरून आपला हात ठेवला. पूर्ण फेरा घेतलाच नाही. हात जाईल तिथवर जायचं, दुखायच्या आधी थांबायचं, मागं यायचं. पुढं, मागं. पाळण्यासारखं.

"तू वढू नगं. नुसता संगट चल," ती म्हणायची.

असं दळलं की पीठ पडत नाही. भरडा पडतो. हौसानं त्याच्या कण्या शिजवल्या. दुसऱ्या दिवशीही कण्या. सगळा चैत्र दौलूच्या घरी कण्याच. पोरं तोंड वाकडं करायची. हौसा म्हणायची, "खावा गुमान. बापाचा खांदा हाय त्यो."

गावाला कळायला वेळ लागला नाही. गोजराच्या दारात गडी जमायला लागले.

"दौलूबाई, आमचंबी पायलीभर घ्या की!"

"अरं, वव्या म्हण! मुकं दळण गोड लागत न्हाई!"

दौलू ताडकन उठला आणि निघून गेला. तो थेट नदीवर गेला. नाव वाळूवर उपडी पडली होती, शेजारी बांबू होता. त्यानं बांबू उचलला. छातीपर्यंत आला. पुढे खांद्यानं नाही म्हटलं. त्यानं डाव्या हातानं आधार दिला, दात खाल्ले, तरी नाही. बांबू वाळूत पडला. दौलूनं तो तिथंच सोडला.

मग तो परत आला. गडी दारात होतेच. तो त्यांच्यामधून आत गेला आणि जात्यावर बसला.

"आक्का, दार लाव."

"का लावू? मला उजेड लागतो," गोजरा म्हणाली. "त्यास्नी बघू दे. उद्या त्यांचाबी खांदा धरंल."

दौलूनं खुंट्यावर हात ठेवला. आणि मग त्यानं ओवी म्हटली. मोठ्यानं, पाण्यावर हाळी घालावी तशी.

पहिली माझी ओवी गं, अडल्या माझ्या खांद्याला
पाणी चढू दे नदीला, येतो मी तुझ्या बांधाला

 दारातले गडी एकेक करून निघून गेले. पुन्हा कुणी आलं नाही.

वैशाखात खुंटा अर्ध्या फेऱ्यापलीकडे गेला. मग एके दिवशी पूर्ण फिरला. त्या दिवशी हौसानं पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि ती रडली. पहिल्यांदा भाकरी थापता येईल असं पीठ होतं.

पण फिरणं वेगळं आणि वर जाणं वेगळं. गोजरानं उतरंडीच्या वरच्या मडक्यात गूळ ठेवला. "हात घालून घे. उडी मारायची न्हाई, खांदा कानाकडं उचलायचा न्हाई. बोटं मडक्यावरनं चढव, मुंगी चढती तशी." बोटं पोचली की गूळ दौलूचा. पोचली, की गोजरा उतरंडीखाली आणखी एक मडकं सरकवायची. दौलू चिडायचा. "आक्का, ही उतरंड हाय का डोंगर?" शेवटी ती उतरंड आढ्याला लागली, असं म्हणतात.

बेंदूर आला. नदी दोन्ही काठ भरून लाल झाली होती. बैल रंगवून गाव काठावर उभं होतं. राऊ भोई स्वतःचा बांबू घेऊन आला होता. दौलू आला. त्याचा फेटा सरळ होता, आणि हौसाचे हात पिठानं माखलेले होते. फेटा कुणी बांधला, ते गावानं ओळखलं.

नाव सुटताना गोजरा पुढे झाली आणि आत जाऊन बसली.

"आक्का, पाणी वाईट हाय. उतरा," पाटील म्हणाले.

"हात मी फिरवलाय. नावंत मीच बसणार."

जाताना नाव नीट गेली. परतताना डोहाच्या तोंडाशी खडकाला लागून भोवरा उठला होता, त्यानं नाव धरली. नाव गरकन फिरली. दौलूनं बांबू रोवून अडवायला बघितलं, तशी खांद्यातून चमक निघाली आणि बांबू सुटता सुटता राहिला. काठावर हौसानं पदर तोंडात धरला. राऊ भोयानं आपला बांबू खाली ठेवला. कुणाचंही मरण बघायला तो आला नव्हता.

गोजरानं नावेची कड धरली नव्हती. ती मांडी घालून बसली होती.

"दौल्या, वढू नगं! संगट चल!"

दौलूनं जोर सोडला. बांबू पाण्यात नुसता ठेवला आणि नाव फिरेल तसा फिरला. एक फेरा, आणखी एक. नदीतून त्या वेळी दळण्याचा आवाज आला आणि भोवऱ्याचं लाल पाणी पिठासारखं पांढरं झालं, असं म्हणतात. दोन्ही काठांच्या माणसांनी ते पाहिलं, असं म्हणतात. फिरता फिरता नाव भोवऱ्याच्या कडेला आली, आणि नेमक्या त्या क्षणी दौलूनं उजवा हात उचलला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, फेट्याच्या वर, सरळ आभाळात. बांबू खाली आला, खडकाच्या खाचेत रुतला, आणि नाव भोवऱ्यातून सुटून काठाला लागली.

राऊ भोयानंच पाण्यात उतरून नावेचा दोर धरला. पाटलांनी दौलूला नारळ दिला. दौलूनं तो गोजराच्या पदरात घातला. ती म्हणाली, "नारळानं पोट भरत न्हाई. माझी दळणं पडल्यात," आणि घरी गेली.

पुढे घाटावरून आणि घाटाखालून माणसं आली. बाया आल्या, गडी आले, घोड्यावरून एक सरदारही आला, असं म्हणतात. तोही जोंधळे घेऊन रांगेत बसला. बाहेरचे लोक गोजराला देवी म्हणतात. आम्ही म्हणत नाही. देवीला दळावं लागत नाही. गोजरा दळायची. ती गेली तेव्हा अंथरुणावर तिचा उजवा हात हळूहळू गोल फिरत होता, आणि थांबला तेव्हा गावातलं एकही जातं त्या दिवशी कुणी फिरवलं नाही.

आता पूल आहे. गिरणी आहे. तालुक्याला दवाखाना आहे, तिथं खांद्याचे व्यायाम शिकवतात, आणि आमचे लोक ते नीट करतात. चांगलं आहे. तरी बेंदराच्या सकाळी उंबरठाणचे पुरुष जात्यावर बसतात. बायका समोर बसून खुंट्यावर हात ठेवतात आणि मनसोक्त चेष्टा करतात. त्या पिठाची भाकरी आधी बैलांना, मग नदीला, मग माणसांना. ज्याला जात्यावर बसायची लाज वाटते, त्याला त्या दिवशी गावात भाकरी मिळत नाही. पाटलाच्या वंशालाही नाही.

आणि एक रीत बारा महिने चालते. दुसऱ्या गावात म्हातारा माणूस भेटला की तब्येत कशी आहे, विचारतात. आमच्याकडे तसं विचारत नाहीत. आमच्याकडे विचारतात, "हात वर जातो का?"

उंबरठाणचा माणूस याला तोंडानं उत्तर देत नाही.

तो हात वर करतो.