चितारवेशीची दारं

देवकुंडीच्या सोमेश्वर पेठेत शिरायचं तर चितारवेशीखालून जावं लागतं. वेशीच्या आत, डाव्या हाताच्या भिंतीवर, सगळी जुनी पेठ रंगवलेली आहे. सोमेश्वराचं देऊळ, त्याच्यासमोरचा हौद, पिराचा दर्गा, तेल्यांचे घाणे, कासारांची दुकानं. जे आज उभं आहे ते आणि जे कधीच पडलं तेही. चित्राच्या मधोमध मात्र भिंत खरवडलेली आहे, आणि त्या खरवडलेल्या जागेत एका आळीची घरं दिसतात. बाकी पेठेची दारं भिंतीत मुरलेली. ह्या आळीची तेवढी गेरूची, वेडीवाकडी, कालपरवा बोटानं काढल्यासारखी.

शहराच्या संग्रहालयात वेशीची दोन जुनी छायाचित्रं टांगली आहेत. एकात ह्या आळीला दारं आहेत, दुसऱ्यात नाहीत. खाली कुणा शहाण्यानं पाटी लावली आहे, ‘चित्राची मागाहून दुरुस्ती झाली असावी.’ ती पाटी वाचून आलेल्या पाहुण्यानं दुरुस्तीचं नाव काढलं की दगडूनाना जिनगरांचं टाळकं सरकतं. नाना पेठेतले जाणते. आल्यागेल्याला वेस दाखवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. “दुरुस्ती त्या पाटीची करा म्हणावं,” असं म्हणून ते पाहुण्याला ओट्यावर बसवतात आणि आवडाबाईची हकिगत सांगतात.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा पेठेवर जैतोजीराव सरदाराचा अंमल होता. अंमल कसला, जुलूम. त्याला पेठेच्या ऐन मध्यावर हवेली हवी होती, आणि मध्यावर होती जिनगर आळी. खोगीर शिवणारी, चित्रं रंगवणारी, हातावर पोट असलेली माणसं. सरदारानं हत्ती लावून आळी पाडली. लिंबाजी जिनगर म्हणून म्हातारा होता, तो आपल्या उंबऱ्यावर बसला आणि उठेना. तेव्हा प्याद्यांनी त्याला उचलून रस्त्यावर ठेवलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत दाराची चौकट उपटून नेली. ती चौकट पुढं सरदाराच्या पागेला लागली, म्हणे. जिनगर बायकापोरांसह गावाबाहेरच्या धर्मशाळेत जाऊन पडले, आणि आळीच्या जागी हवेली उभी राहिली.

आवडा ही ह्या लिंबाजीची लेक. दिलेली पेठेतच, वेशीजवळ राहणाऱ्या हैबती चिताऱ्याला. हैबतीचा हात सोन्याचा, पण माणूस अबोल आणि भित्रा. आवडा त्याच्या उलट. तिच्या नाकावरचा राग कधी खाली उतरत नसे, आणि आता तर त्याला कारण मिळालं होतं.

जिनगरांनी हुजूर दरबारात फिर्याद नेली. चौकशीला नारोपंत नावाचे अधिकारी खंडेनवमीला येणार असं ठरलं. सरदार पक्का बेरकी. त्यानं हैबतीला बोलावलं आणि वेशीवर सगळी पेठ रंगवायला सांगितली, जुन्या चालीनं, जुनी वाटेल अशी. मध्यावर हवेली. जिनगर आळी कुठंच नाही. म्हणजे पंतांना भिंत दाखवून म्हणता येईल, पाहा, पेठ वसली तेव्हापासून इथं आमचीच हवेली आहे, ही आळीबिळी सगळी बनवाबनवी. फिर्याद भिंतीवरच निकालात निघणार होती. आळी परत मिळायची सगळी आशा त्या एका चित्रावर लटकली होती, आणि ते रंगवणारा आळीचाच जावई होता.

हैबती ‘जी’ म्हणून परत आला. आवडाच्या पायाची आग मस्तकाला गेली.

“अवं, तुमाला लाज हाय का? माज्या बापाचं घर हत्तीनं पाडलं, तुमी आता कुंचल्यानं पाडा!”

हैबती खाली मान घालून चुना मळत राहिला.

काम सुरू झालं त्याच सुमारास धर्मशाळेत लिंबाजीनं प्राण सोडला. आवडा दहाव्या-तेराव्यापर्यंत आईजवळ राहिली. परत आली तेव्हा भिंतीची एक कड रंगवून झाली होती आणि मधली जागा चुन्यानं पांढरी सारवून ठेवलेली होती. तिथं हवेली शेवटी काढणार, असं हैबती म्हणाला. आणि त्या जागेला चुना जास्त मळ, दोन थर लागतील, असंही म्हणाला.

“माज्या बापाच्या चितेला ओली लाकडं,” आवडा कडाडली, “आन् त्या मेल्याच्या हवेलीला दोन थर चुना!”

तरी तिनं चुना मळला. आणि रोज संध्याकाळी भिंतीपाशी गेलीही, कारण तिच्यावाचून काम पुरं होत नव्हतं. चिताऱ्यांचा रिवाजच तसा होता. घर चितारी रंगवतो, पण घराला दार त्याची बायको देते. भिंत ओली आहे तोवर तिनं येऊन दार काढायचं; मग ते घर नांदतं झालं. बाईनं दार दिलं नाही तर ते घर नव्हे, नुसत्या भिंती. पेठेतलं शेंबडं पोरही हे जाणत होतं. सरदाराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ज्यानं आयुष्यात दारं फक्त उपटली, त्याला ती कशी देतात हे कोण सांगणार?

आवडानं देवळाला दार दिलं, दर्ग्याला दिलं, तेल्यांना, कासारांना दिलं. अष्टमीच्या संध्याकाळी हैबतीनं हवेली पुरी केली. सज्जे, महिरपी, वर निशाण, सगळं झोकात. आवडा भिंतीलगत बांधलेल्या माचाणावर चढली. हवेलीच्या ओल्या भिंतीसमोर गेरूचा कुंचला घेऊन उभी राहिली. सरदाराचे प्यादे खाली होते. दार दिलं नाही तर नवऱ्याचे हात शाबूत राहणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं खाली नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. तिनं कुंचला धुतला आणि उतरून घरी निघून गेली. प्याद्यांना वाटलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. नारोपंत आले, मागं सगळी पेठ लोटली. धर्मशाळेतले जिनगरही आले होते. सरदारानं चित्रावरची कनात दूर केली आणि हवेलीवर बोट ठेवलं. पंतांनी चित्र निरखलं. पेठेनंही निरखलं, आणि मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मग हसू गर्दीत पसरत गेलं.

“काय झालं?” पंतांनी विचारलं.

आवडा पुढं झाली. “हवेलीला दार न्हाई, म्हाराज. द्यायचा मान माजा हुता. म्या दिलं न्हाई.”

“का?”

“दार घराला असतं. ही चोरी हाय. चोरीला दार कशाला लागतंय?”

सरदाराचा चेहरा लालबुंद झाला. “हैबत्या! आत्ताच्या आत्ता दार काढ!”

हैबती हात जोडून म्हणाला, “भिंत वाळली, सरकार. कोरड्या चुन्यावर रंग धरत न्हाई. तेवढी जागा खरवडून ओला थर द्यावा लागंल. पन आज खंडेनवमी. हत्यारं पूजेत बसलीत, आमी हात लावत न्हाई.”

एकाही चिताऱ्यानं, एकाही गवंड्यानं हात लावला नाही. पेठ गालातल्या गालात हसत होती, पंत बघत होते, आणि सरदाराला ते हसू सोसवेना. शेजारी चौरंगावर त्याची स्वतःची हत्यारं पुजून मांडली होती. त्यानं फुलं उधळून कट्यार उचलली आणि माचाणावर चढून आपल्याच हवेलीचा पाया खरवडायला लागला. पूजेतलं हत्यार उचलू नये, असं त्याचा पुरोहितही ओरडून सांगत होता. रागाच्या भरात कोण ऐकतो?

वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. खाली घर निघालं. सरदारानं आणखी खरवडलं, तर शेजारी दुसरं घर. मग चिंचेचं झाड. मग आडावरचा रहाट. ओट्यावर पसरलेली खोगिरं. एका उंबऱ्यावर पागोटं घातलेला म्हातारा. आख्खी जिनगर आळी भिंतीत मुरून बसली होती, आणि सरदार ती आपल्या हातानं उघडी करत होता. कळलं तेव्हा त्याच्या हातून कट्यार गळून पडली.

आवडा चित्रातल्या बापाकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली. म्हणे, त्या बाईला रडू आलं नाही. ती भडकली.

“मला का न्हाई सांगितलं? म्हैनाभर म्या तुमाला भित्रा म्हनत ऱ्हायले!”

“भित्राच हाय म्या,” हैबती म्हणाला. “उघडं करायची माजी छाती न्हवती. म्हनून आळी ओल्या चुन्यात घातली आन् वर हवेली काढली. तू काय दार देनार न्हाईस, ह्ये मला ठावं हुतं.”

नारोपंतांनी ह्याहून जास्त काही विचारलं नाही. हैबतीच्या आळीतल्या घरांना दारं नव्हती. तो मान त्यानं बायकोचा राखला होता. आवडा माचाणावर चढली. कुंचला पूजेत होता, म्हणून तिनं गेरूत बोट बुडवलं. पहिलं दार बापाच्या घराला दिलं. घराचं नाव मोठ्यानं घेतलं आणि पाडणाऱ्याला पेठभर ऐकू जाईल अशी शिवी हासडली. मग पुढचं घर.

पुढं जागा जिनगरांना परत मिळाली. हवेलीचे दगड हौदाच्या पायऱ्यांना लागले. लोक आवडाला म्हणत, आता तरी राग सोड. ती म्हणे, आळी मिळाली, बाप कुठं मिळाला? आणि कोरड्या भिंतीवरची ती दारं दिवाळीपर्यंत झडून गेली. पुढच्या खंडेनवमीला तिनं ती पुन्हा काढली. मग तिच्या सुनांनी. त्या दोन छायाचित्रांतलं एक नवमीनंतरचं आहे, दुसरं नवमीच्या आधीचं. एवढंच आहे ते दुरुस्तीचं गौडबंगाल.

आजही खंडेनवमीला पेठेतल्या बायका वेशीत जमतात, बोटानं दारं काढतात आणि घराघराचं नाव घेऊन शिव्या घालतात. त्या दिवशी वेशीखाली कोणी गोड बोललेलं चालत नाही. गेल्या वर्षी वेशीबाहेर कुणा बिल्डरनं ‘उद्याची सोमेश्वर पेठ’ म्हणून भलाथोरला रंगीत फलक उभारला. त्यात मध्यावर काचेची उंच इमारत आहे, आणि जिनगर आळी कुठंच नाही. बायकांनी वेशीतली दारं दिली, शिव्या दिल्या, मग बाहेर आल्या. एकीनं चुन्याची बादली आणली. नानांची सून स्टुलावर चढली आणि तिनं त्या इमारतीच्या दारावर चुन्याचा हात फिरवला.