वाढलेलं गाव

"मग इथला शिधा बंद केला तर तुमची काही हरकत नाही ना, माय?"

रेणामाय सुपात ज्वारी घेऊन बसली होती. तिचा हात खड्यावर थांबला. तिनं खडा उचलला, उंबऱ्याबाहेर टाकला आणि पुन्हा सूप हलवलं.

"बंद का करायचा?" तिनं विचारलं.

"कारण कासारखेड्याला त्याची गरज उरलेली नाही."

पद्माकर हे अगदी शांतपणे बोलला. असं शांतपणे बोलायला तो मोठ्या मठात शिकला होता.

मोठ्या मठातून आसपासच्या गावांतल्या लहान मठांना दर महिन्याला शिधा जायचा. ज्वारी, डाळ, तेल, थोडा गूळ. त्यावर त्या त्या गावात दुपारची पंगत चालायची. यंदा मठातच धान्य कमी जमलं होतं. सगळ्यांना पुरणार नव्हतं. तेव्हा महंतांनी पद्माकरला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की गावोगाव जा, लोक कसे जगतात ते पाहा, आणि कुठला शिधा थांबवायचा ते तूच ठरव. तुझ्या नजरेवर माझा विश्वास आहे, असंही ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. पद्माकरनं ते वाक्य वाटभर मनात जपून आणलं होतं.

रेणामाय त्याची गुरू. ती मोठ्या मठात होती तेव्हा त्याला पोथी तिनंच वाचायला शिकवली. वडील फौजेत, त्यामुळे त्याचं लहानपण दूरच्या वसतिगृहांत गेलं होतं. मठात आला तेव्हा त्याला मराठी धड येत नव्हतं. मग ते तो पोथीतूनच शिकला, आणि इतकं चांगलं शिकला, की त्याच्या प्रवचनाला माणसं लांबून येऊ लागली. पुढे रेणामाय कासारखेड्याच्या या लहानशा मठात आली, आणि इथलीच झाली. पद्माकर मात्र इथं पहिल्यांदाच येत होता.

"गाव पाहिलंस?" रेणामायनं विचारलं.

"पाहिलं. काल फाट्यावरच्या हॉटेलात बराच वेळ बसलो होतो. गावातली माणसं तिथंच भेटली."

"बरं..."

"मला आता गाव लगेच ओळखता येतं, माय."

आणि त्यानं कसं ओळखलं ते सांगितलं. रांजणीत त्याला कुणी बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही, माणसं नजर चुकवत होती. म्हणजे ते गाव खचलेलं. इथं मात्र माणसांच्या अंगावर इस्त्रीचे सदरे होते. एका भांडेवाल्यानं तर त्याच्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. आमच्या गावात येऊन तुम्ही पैसे काढणार होय, असं म्हणून त्याचा हात धरला. हाती पैसा नसलेला माणूस असं करील का, असं पद्माकरनं विचारलं, आणि स्वतःच मान हलवली.

"आणि धंद्याचं मी मुद्दाम विचारलं," तो म्हणाला. "सगळ्यांचं एकच उत्तर. दुकान वाढवलं."

रेणामायनं सूप खाली ठेवलं.

"सगळे म्हणाले?"

"भांडेवाला म्हणाला, कापडवाला म्हणाला. सराफानं तर दिवाळीलाच वाढवलं म्हणे."

"हसून सांगितलं का रे?"

पद्माकरनं आठवून पाहिलं. "हो... थोडं हसूनच."

बाहेर एक शेळी मठाची भिंत चाटत उभी होती.

"शिध्याचा टेंपो कुठं आहे?"

"रांजणीकडे वळवला. आज सकाळीच फोन केला."

"मग मला आत्ता विचारतोस ते काय?"

ती त्याची गुरू होती. विचारणं ही रीत होती.

रेणामाय गुडघ्यावर हात टेकून उठली. खुंटीवरची झोळी काढली. झोळी जुनी होती, कडेला ठिगळ होतं. ती तिनं त्याच्या खांद्यावर अडकवली.

"आज गावात तू जा."

पद्माकर ओशाळला. मोठ्या मठात आता कुणी झोळी घेत नसे. तिथं देणगीसाठी खिडकी होती. पण गुरूला नाही म्हणायचं नसतं.

"दारात उभं राहून काय म्हणायचं, ठाऊक आहे ना?"

"भवति भिक्षां देहि."

"इथं तसं म्हणत नाहीत," रेणामाय म्हणाली. "इथं नुसतं 'वाढा' म्हणतात."

*

मठापासून कासार आळी हाकेच्या अंतरावर होती.

पहिलं घर आलं. पद्माकरनं घसा साफ केला आणि "वाढा" म्हणाला. आवाज प्रवचनातल्यासारखा लागला. आतून काही हालचाल झाली नाही. मग त्याला कडीला अडकवलेलं कुलूप दिसलं. कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

दुसऱ्या घरालाही कुलूप होतं.

तिसऱ्या घरातून एक म्हातारी आली. तिनं त्याच्याकडे नाही, झोळीकडे पाहिलं. माय आजारी आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं. तिनं पदराखालून अर्धी भाकरी काढली आणि झोळीत घातली. घरात कोण कोण असतं, असं पद्माकरनं विचारलं, तर ती म्हणाली, की मी असते आणि टीव्ही असतो, पण टीव्हीचं बटण पोरानं सांगितलं तसं दाबूनही लागत नाही.

पुढं दुकानं लागली. आळीच्या दोन्ही अंगांना दुकानंच होती. पाट्या मोठमोठ्या होत्या, रंग उडालेल्या. पत्र्याची दारं खाली ओढलेली. दारांच्या खालच्या कडेला गंज चढला होता, आणि पायरीवर गवत उगवलं होतं.

आज बाजाराची सुट्टी असावी, असं पद्माकरच्या मनात आलं. पण सुट्टीच्या दिवशी पायरीवर गवत उगवत नाही. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं चालण्याचा वेग कमी केला.

आळीच्या टोकाला एकच दार अर्धं उघडं होतं. आत कालचाच माणूस दिसला, चहाचे पैसे देणारा. मनोहर कासार. अंगात तोच इस्त्रीचा सदरा होता. तो रिकाम्या फळ्यांवरचा कागद काढून घड्या घालत होता. त्याची बायको खाली बसून उरलेल्या बांगड्या पेटीत भरत होती. म्हणजे हे भांड्यांचं आणि बांगड्यांचं, दोन्हींचं दुकान होतं.

"या, महाराज," मनोहर म्हणाला. "झोळी आज तुमच्याकडे दिली मायनं?"

"तुम्ही तर काल दुकान वाढवलं म्हणालात," पद्माकर म्हणाला. त्याला फळ्या रिकाम्या का आहेत ते कळत नव्हतं.

"वाढवलंच की. काल भांडी गेली, आज हे. संध्याकाळी किल्ली मालकाला दिली की झालं."

"दुसरीकडे मोठं घेतलं का?"

मनोहरनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं मनोहरकडे पाहिलं. पाहुणा चेष्टा करतोय की काय, ते दोघांनाही ठरवता येईना.

तेवढ्यात तिच्या हातातून एक हिरवी बांगडी निसटली. फरशीवर पडली आणि तिचे तुकडे दाराशी, पद्माकरच्या पायाजवळ आले.

"अगं बाई, वाढली," ती म्हणाली.

पद्माकर तुकड्यांकडे पाहत राहिला.

"काय म्हणालात?"

"वाढली म्हटलं."

"ही तर फुटली."

"तसं म्हणू नये, महाराज," ती खालच्या आवाजात म्हणाली. लहान मुलाला सांगावं तसं तिनं सांगितलं. "बांगडीला फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."

पद्माकरच्या खांद्यावरची झोळी एकदम जड झाली. आत तर अर्धीच भाकरी होती.

"आणि... दुकानाला?"

मनोहरच्या ध्यानात आलं. तो हसला, काल हॉटेलात हसला होता तसाच, थोडंसं.

"दुकान बंद केलं म्हणून कसं चालंल? दुकानाला लक्ष्मी म्हणतो आपण. वाढवलं म्हणायचं. तुम्ही देवापुढं नारळ फोडता का वाढवता?"

नारळ पद्माकर रोज वाढवत होता. प्रत्येक प्रवचनाआधी.

"म्हणजे कापडवाल्यानं..."

"वाढवलं. त्याचं पोरगं पुण्याला कंपनीत गेट सांभाळतंय."

"सराफानं?"

"दिवाळीलाच. पणत्या लावल्या, पूजा केली, अन् वाढवलं." मनोहरनं कागदाची शेवटची घडी घातली. "तसं बघितलं तर आमच्याइतकं वाढलेलं गाव तालुक्यात सापडायचं नाही, महाराज."

बायको त्याला गप बसा म्हणाली. महाराजांना ताटकळत ठेवू नका, झोळी भरा, असंही म्हणाली. मग तीच उठली. आतल्या खोलीत डबा उघडल्याचा आवाज आला, आणि डब्याच्या तळाशी वाटी घासल्याचाही. तिनं ओंजळभर डाळ आणून झोळीत घातली आणि झोळीला हात लावून नमस्कार केला.

पद्माकरला तिला थांबवायचं होतं. पण थांबवून काय सांगायचं, ते त्याला ठरवता आलं नाही.

पुढच्या आळीतल्या दारांत त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. तो नुसता उभा राहायचा. माणसं झोळी ओळखत होती. कुणी मूठभर ज्वारी घातली, कुणी कांदा, कुणी चतकोर. एका म्हाताऱ्यानं काहीच नाही म्हणून मीठ घातलं, आणि मीठही लागतंच की, असं आपणच म्हणाला.

*

मठाकडे परतताना पद्माकरनं वाटेत फोन लावला. मोठ्या मठातल्या कोठाराच्या कारभाऱ्यानं उचलला. टेंपो रांजणीला रिकामा झाला होता. तिथल्या माणसांनी तो पाहून हात जोडले म्हणे. चूक झाली आहे, असं पद्माकर म्हणाला. कारभारी म्हणाला, की अहो, दिलेलं परत कसं मागायचं? आणि महंतांनी तुमचा शब्द शेवटचा धरलाय, सगळ्या गावांची वाटणी लागून गेली. आता बघू पुढच्या साली.

मग त्यानं पद्माकरचं कौतुकही केलं. इतकी गावं इतक्या झटपट कुणी पाहिली नव्हती.

रेणामाय चुलीपाशी होती. पद्माकरनं झोळी तिच्यासमोर ठेवली.

"माय, टेंपो..."

"रांजणीला पोचला?"

"रिकामा झाला."

"बरं झालं. त्यांचीही चूल गार होती."

"पण इथं? आता वर्षभर इथं..."

रेणामायनं झोळी उलटी केली. डाळ वेगळी केली, ज्वारी वेगळी केली. भाकरीचे तुकडे एका ताटात मांडले. कांदे बाजूला ठेवले. मीठ हाताला लागलं तेव्हा ती क्षणभर थांबली.

"तात्यानं घातलं असणार," ती म्हणाली.

पद्माकर तिच्यासमोर खाली बसला. त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. रागावेल. मोठ्या मठात असताना एक अक्षर चुकलं तरी ती पोथी मिटवून ठेवायची.

ती फुंकणी उचलून चूल फुंकू लागली.

"तुम्ही मला सकाळीच का नाही सांगितलंत, माय? त्या शब्दाचा अर्थ?"

"सकाळी टेंपो वळलेला होता."

"तरीही..."

"आणि तुला गाव ओळखता येत होतं."

डाळ शिजायला वेळ लागला. तोवर माणसं येऊ लागली. प्रत्येकानं आपापली ताटली आणली होती. पद्माकर दाराशी उभा राहून पाहत होता, आणि हळूहळू त्याला एक एक चेहरा ओळखू येऊ लागला. अर्धी भाकरी देणारी म्हातारी आली. मीठवाला तात्या आला. मनोहर कासार आणि त्याची बायको आले. मनोहरनं इस्त्रीचा सदरा काढून ठेवून साधी बंडी घातली होती.

ज्यांनी झोळीत घातलं होतं, तीच माणसं जेवायला आली होती. दुसरं कुणी नव्हतं.

ती भिंतीला पाठ लावून रांगेत बसली. दोन माणसांमध्ये बरीच बरीच जागा सुटली होती. ती जागा कुणी भरून काढत नव्हतं. ज्याची त्याची जागा ठरलेली असावी, आणि न येणाऱ्यांचीही.

पद्माकर बाजूला उभा होता. रेणामायनं त्याला बोटानं रांगेतली जागा दाखवली. पाहुण्याचं पान आधी, असं तात्या म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. शिधा आला का, असं कुणी विचारलं नाही. महाराज मोठ्या मठातून आलेत, म्हणजे तो आलाच असणार, असं त्यांनी धरलं होतं. मनोहरच्या बायकोनं तर शेजारणीला तसं सांगितलंही, हळूच.

ते पद्माकरनं ऐकलं.

रेणामायनं त्याच्या ताटात भाकरीचा तुकडा ठेवला. वर डाळ घातली. मग ती रांगेत पुढे गेली. प्रत्येकाच्या ताटलीत पळी टेकवत गेली. शेवटच्या ताटलीपाशी पळी पातेल्याच्या बुडाला खरवडल्याचा आवाज आला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि कुणीच वर पाहिलं नाही.

तात्यानं श्लोक म्हटला. माणसं जेवू लागली.

पद्माकरनं घास केला. तो तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. खाली ठेवावा, तर अन्नाचा अपमान होता. खावा, तर...

पावलं वाजली. रेणामाय पातेलं कमरेवर टेकवून परत आली होती. पातेलं तिनं इतकं कलतं धरलं होतं, की आतलं बूड त्याला दिसत होतं.

त्यानं मान वर केली.

तिनं पळी पातेल्यात घातली आणि अगदी मायेनं विचारलं,

"पद्माकरा... अजून वाढू?"