धाकू तांडेलाची तळी

किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही इतक्या लांब, भर समुद्रात एक बेट होतं. त्यावर अकरा घरं, चार होड्या आणि खडकात खोदलेली एक तळी. पावसाचं पाणी तळीत साठायचं आणि वर्षभर सगळ्यांना प्यायला पुरायचं. पश्चिमेच्या कड्यावर सुरय पक्ष्यांची मोठी वस्ती होती. पांढऱ्या अंगाची, काळ्या टोपीची ही पाखरं माणसांच्याही आधीपासून तिथे राहत होती.

बेटावरच्या लोकांची मासेमारीची रीत अशी, की सकाळी होड्या पाण्यात ढकलायच्या आणि वल्ही हातात धरून गप्प बसायचं. पाखरं कड्यावरून उठून जिकडे जातील तिकडे होड्या हाकायच्या. ती जिथे सूर मारतील तिथे जाळं टाकायचं. जाळं वर आलं की पहिली ओंजळभर मासळी पाखरांसाठी परत समुद्रात फेकायची. तिला ‘पाखरांचो वाटो’ म्हणत. पाण्याचा रंग बघून मासळी ओळखायची विद्या बेटावर कोणालाच येत नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

धाकू तांडेल हा चारही होड्यांचा म्होरक्या. माणूस कष्टाळू होता, धीटही होता, पण आपल्याला कोणी कमी लेखलं की त्याच्या अंगाची लाही व्हायची. एकदा तो भाचीच्या लग्नाला किनाऱ्यावरच्या गावी गेला. जेवणाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने त्याला डिवचलं, “तुमच्या बेटार तांडेल कोण? पाखरूच मा? तुमी फक्त वल्ही मारतास.”

पंगत हसली. धाकूला घास गोड लागला नाही. ज्या पाखरांनी त्याच्या सात पिढ्या पोसल्या, त्यांचाच त्याला त्या दिवसापासून राग येऊ लागला. पाहुण्याचा राग पाहुण्यावर काढायची सोय नव्हती, एवढंच त्याचं कारण.

त्याच गावात एका बागायतदाराच्या तळ्यात त्याने चिलापी मासे पाहिले. गोड्या पाण्यात वाढणारे, महिन्या-महिन्याला दुप्पट होणारे. धाकूने हंडाभर पिल्लं मागून घेतली आणि बेटावर आणून तळीच्या काठाशी ठेवली. पावसाळ्यात होड्या चार महिने वर ओढून ठेवाव्या लागत, तेव्हा लोकांना सुक्या मासळीवर दिवस काढावे लागत. आता ताजे मासे दारात मिळतील, आणि ते पाखरांनी नव्हे, धाकूने दिलेले असतील.

बेटावरचा सगळ्यात म्हातारा माणूस म्हणजे बाबल आजा. तो काठी टेकत आला आणि हंड्यात डोकावला. “ही तळी पिवच्या पाण्याची, धाकू. तेच्यात मासे सोडून कोणाक खावक घालतलस?”

“माणसांक,” धाकू म्हणाला. “चार म्हयने सुको बांगडो चघळून तुमका कंटाळो येना नाय?” आणि त्याने हंडा उपडा केला.

पहिलं वर्ष धाकूचं. भर श्रावणात अकरा घरांत ताज्या मासळीचं कालवण शिजलं. चवीला थोडी चिखलाची, पण ताजी. लोकांनी धाकूला डोक्यावर घेतलं. पाऊस सरल्यावर होड्या बाहेर पडल्या तेव्हा त्याने पाखरांचा वाटा बंद केला. पोट भरलेलं असलं की रीत मोडायला कोणाला जड जात नाही.

मग थंडीत कधीतरी एका सुरयाला तळी दिसली. दुसऱ्या दिवशी वीस पाखरं उतरली. आठवड्याभरात सगळी वस्तीच तळीवर. कोसभर उडायचं, लाटांवर घिरट्या घालायच्या, एवढी यातायात कोण करणार? घराशेजारी ताट वाढून ठेवलेलं होतं.

होड्या मात्र रोजच्या सवयीने पाण्यात ढकलल्या जात. माणसं वल्ही धरून कड्याकडे बघत बसत. पाखरं उठत, डोक्यावरून जात आणि मागे तळीत सूर मारत. एकदा धुक्यात धाकूनेच होड्या अंदाजाने दूर नेल्या. दुपारी थोडी पाखरं सरळ रेषेत जाताना दिसली, तशी सगळ्यांनी जीव खाऊन वल्ही मारली. धुकं निवळलं तेव्हा समोर आपलाच धक्का होता. पाखरं तळीकडे निघाली होती. बायका पाट्या घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. त्या रिकाम्या पाट्या घेऊन घरी गेल्या.

आता विक्रीला मासळी नाही, म्हणून किनाऱ्यावरून तांदूळ येईना. पाखरांच्या विष्ठेने आणि मेलेल्या माशांनी तळीचं पाणी हिरवं झालं, त्याला वास येऊ लागला. लोकांची पोटं बिघडली. चैत्रात सगळे धाकूच्या अंगणात जमले. उपाय कठीण नव्हता. बाबल आजाने तो सांगितला. जाळी टाकून तळी साफ करायची. आठ दिवस पाखरं उपाशी राहिली की आपोआप समुद्राकडे वळतील.

सगळ्यांनी धाकूकडे पाहिलं. तांडेलाच्या शब्दाशिवाय जाळ्याला कोणी हात लावत नसे. धाकूलाही पटलं होतं. पण मासे काढायचे म्हणजे ते आणले ही चूक झाली असं चारचौघांत कबूल करायचं. किनाऱ्यावर ही गोष्ट पोचेल, ती पंगत पुन्हा हसेल. त्याला ते हसू आत्ताच ऐकू येत होतं.

“एकदा ‘चुकलंय’ म्हण, धाकू,” बाबल आजा हळूच म्हणाला. “उद्या लोक विसरतले.”

“पाखरां चोर, आणि चुकलंय मी?” धाकू उठला. “अंडी फोडा तेंची. एकव ठेवू नकात.”

लोक घुटमळले. पण घरात खायला नव्हतं आणि राग कोणावर तरी काढायचाच होता. चौदा माणसं काठ्या घेऊन कड्यावर चढली. दुपारपर्यंत खडक पिवळे आणि चिकट झाले. पाखरं डोक्यावर किंचाळत फिरत राहिली. दोन दिवसांनी ती जी गेली ती पुन्हा त्या कड्यावर आली नाही.

मासे तसेच राहिले. खाणारं कोणी उरलं नाही म्हणून ते आणखीच वाढले. अन्न पुरेना, तसे बोटाएवढे राहू लागले, काट्यांनी भरलेले. पुढच्या पावसाचं पाणीही त्यांनी नासवलं. अथांग समुद्रात होड्या आंधळ्यांसारख्या फिरून रिकाम्या परत येत. आधी दोन कुटुंबं किनाऱ्यावर मजुरीला गेली. मग चार. बाबल आजाला त्याच्या नातवांनी उचलून होडीत बसवलं, तेव्हा तो धाकूकडे न बघताच गेला.

शेवटी धाकूची बायको तारामती बोचकं बांधून दारात उभी राहिली. आयुष्यात तिने नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. “पाखरां गेली तेव्हा तुमका कळाक नाय,” ती म्हणाली. “आता माणसां चलली. तरी मासे कोणी सोडले, ता तुमी बोलूचा नाय.”

धाकू गळ उचलून तळीकडे निघाला. ती गेली.

भर तुफानात चार होड्या सुखरूप आणणारा तांडेल आता एकटाच तळीच्या काठावर गळ टाकून बसतो. मासे लगेच लागतात. भाजून खाल्ले की तहान लागते, आणि समोरचं पाणी पिता येत नाही.

तात्पर्य: केलेली चूक निस्तरता येते, पण ती कबूल करण्याऐवजी दुसऱ्याच्या माथी मारून त्यालाच शिक्षा केली, तर पुढे ती निस्तरायला सोबत कोणी उरत नाही.